पडद्याआधी प्रश्न

इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात सूत्री विभाजन येते. डिजिटल वर्ग असलेल्या अनेक शाळांत हा पाठ आता असा होतो : पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा किंवा यूट्यूबवरची एखादी चित्रफीत शोधायची, ती भिंतीवरच्या मोठ्या पॅनेलवर लावायची आणि दिवे मालवायचे. निळी-लाल गुणसूत्रे आखडतात, पेशीच्या मधोमध रांग धरतात, दोन टोकांकडे ओढली जातात, पेशी मध्ये आवळते आणि एकीच्या दोन होतात. दोन-तीन मिनिटांत सगळे संपते. वर्ग खूश होतो, शिक्षकांचा वेळ वाचतो, पाहणीला आलेल्या संस्थाचालकांनाही बरे वाटते. याच वर्गाला मग विचारून पाहावे, की विभाजन पाहण्यासाठी कांद्याच्या मुळाचे टोकच का घेतात, मुळाचा मधला भाग का नाही? किंवा बोटाची जखम भरून येते तेव्हा यातले काय घडत असते? उत्तरे क्वचितच येतात. चार अवस्थांची नावे मात्र क्रमाने पाठ असतात, आणि ती तर खडू-फळ्याच्या काळातही असत.

म्हणून डिजिटल वर्ग ही निव्वळ उधळपट्टी आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल. माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवायला तंत्रज्ञानाची गरज इतर कोणत्याही विषयापेक्षा जास्त आहे. प्रश्न ते कशासाठी वापरायचे हा आहे. यंत्र विद्यार्थ्याच्या हाती निरीक्षणाचे साधन म्हणून येते आणि पडदा उजळण्याआधी त्याला काही अंदाज बांधावा लागतो, तेव्हा जीवशास्त्र शिकले जाते. तयार उत्तर दाखवण्यापुरते यंत्र आले, तर महागड्या फळ्यापलीकडे त्यातून फारसे काही निघत नाही. हे मत केवळ आवडीनिवडीचे नाही. शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर गेल्या पंचवीसएक वर्षांत जे अभ्यास झाले, त्यांचा कौल साधारण याच बाजूने आहे.

आधी गरज कुठे आहे ते पाहू. नुसत्या डोळ्याला साधारण एक दशांश मिलिमीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात-आठ भागांएवढी. तंतुकणिका त्याहून कितीतरी लहान, आणि डीएनएच्या पीळदार शिडीची रुंदी तर अवघी दोन नॅनोमीटर. शाळेतल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकातून पेशी आणि तिचे केंद्रक दिसते; त्याखालचे जग फारसे दिसत नाही. हे झाले आकाराचे. दुसरी अडचण काळाची. मुगाला मोड येऊन रोप प्रकाशाकडे झुकायला काही दिवस लागतात, तर माशीच्या पंखांची फडफड क्षणात होऊन जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी नैसर्गिक निवड तर एका आयुष्यातही मावत नाही. तिसरी अडचण शरीराच्या आतल्या गोष्टींची. हृदयाच्या झडपा उघडताना पाहायच्या तर जिवंत प्राणी कापायचा का, या प्रश्नाला समाजाने नकारार्थी उत्तर दिले आहे. महाविद्यालयांतली प्राणिविच्छेदने थांबवण्याची सूचना विद्यापीठ अनुदान आयोगानेही 2014 मध्ये दिली. अतिसूक्ष्म, अतिमंद किंवा अतिजलद, आणि नैतिकदृष्ट्या उघडून पाहता न येणारे, या तीन ठिकाणी पडद्याला पर्याय नाही. पण हीच यादी उलट बाजूनेही वाचायला हवी. जास्वंदीचे फूल यातल्या एकाही खान्यात बसत नाही. शाळेच्या आवारात जास्वंद फुललेली असताना तिच्या पुंकेसरांचे त्रिमिती चित्र पॅनेलवर फिरवून दाखवण्यात काहीच हशील नाही. चार मुलांमागे एक फूल आणि एक ब्लेड दिले, की तो पाठ पुरा होतो.

आता पुरावा. लॅटिन अमेरिकेतल्या पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती संगणक आले, त्यांचा वापरही वाढला. पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. प्रगत देशांच्या ओईसीडी या संघटनेने 2015 च्या अहवालात तेच निरीक्षण नोंदवले. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित वा विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. आपल्याजवळचे उदाहरण गुजरातचे. तिथल्या 'ज्ञानशाला' उपक्रमात दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचे एकच संगणकीय सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरले गेले. काही ठिकाणी ते शिक्षकांच्या तासाच्या जागी आले, काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा म्हणून. तासाच्या जागी आले तिथे मुले एरवी शिकली असती त्यापेक्षा कमी शिकली. जादा म्हणून आले तिथे, विशेषतः मागे पडलेल्या मुलांना, फायदा झाला. यंत्र तेच, सॉफ्टवेअरही तेच, आणि परिणाम मात्र उलटसुलट. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत चांगली प्रगती आढळली, कारण ते सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न देत होते आणि उत्तर मागत होते.

ही उदाहरणे गणित-भाषेची आहेत, जीवशास्त्राला ती लागू कशी, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून विज्ञानाच्या वर्गातला पुरावाही पाहू. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गात प्रयोग करून दाखवण्याच्या पद्धतीची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांनी प्रयोग नुसता पाहिला, काहींनी पाहण्याआधी काय होईल याचा अंदाज नोंदवला, काहींनी त्यावर शेजाऱ्याशी चर्चाही केली. नुसते पाहणाऱ्यांना नंतर कारण सांगता येण्याचे प्रमाण प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच वर होते. अंदाज बांधलेले आणि चर्चा केलेले पुढे गेले. विज्ञान शिकवताना वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रतिकृतींवरच्या 61 अभ्यासांचा आढावा 2012 मध्ये आला. प्रतिकृती इतर अध्यापनाला पूरक म्हणून आली, विद्यार्थ्याला विचार करायला थांबवत राहिली आणि त्याच्या चुकीच्या समजुतीला धक्का देत राहिली, तरच तिचा उपयोग होतो, असे त्याचे सार. यात गूढ काही नाही. अंदाज चुकला की माणूस चिडतो, पुन्हा पाहतो आणि कारण शोधतो. अंदाजच बांधला नसेल तर चुकायलाही काही उरत नाही.

जीवशास्त्राच्या चित्रफितींत आणखी एक धोका आहे, आणि तो चित्रफीत जितकी सुंदर तितका मोठा. हार्वर्डनेच 2006 मध्ये तयार करून घेतलेली 'द इनर लाइफ ऑफ द सेल' ही चित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्यातले कायनेसिन नावाचे प्रथिन एक भलामोठा फुगा पाठीवर घेऊन तंतूवरून डौलात पावले टाकत जाते. दृश्य विसरता येत नाही, पण ते खऱ्या पेशीपासून बरेच दूर आहे. प्रत्यक्षात पेशीत मोकळी जागा फारशी नसतेच. पाण्याच्या आणि प्रथिनांच्या असंख्य रेणूंची तिथे सतत धक्काबुक्की चालते आणि आठ-आठ नॅनोमीटरचे ते पाऊल त्या धक्क्यांतून, कधी अडखळत, कधी मागे सरकत पडते. सगळे रेणू काढले तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, म्हणून चित्रकार गर्दी वगळतो. त्याचा इलाज नाही. पण विद्यार्थ्याच्या मनात यातून पेशी म्हणजे रिकामी पिशवी आणि प्रथिने म्हणजे हेतूने चालणारे नोकर, अशी समजूत घर करते. पुढे उत्क्रांती शिकताना हीच समजूत आडवी येते, कारण तिथेही मुलांना वाटते की जिराफाने मान मुद्दाम लांब केली. म्हणून अशी चित्रफीत दाखवून झाल्यावर काही प्रश्न विचारलेच पाहिजेत : यात काय वगळले आहे? रंग खरे आहेत का? वेग खरा आहे का? मोकळी जागा खरी आहे का? हे प्रश्न विचारणारा शिक्षक त्याच चित्रफितीतून दुप्पट शिकवतो.

यंत्राचा चांगला उपयोग कसा दिसतो, तेही नेमके सांगायला हवे. मेरठमध्ये जन्मलेले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह 'फोल्डस्कोप' हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक तयार केला. त्यावरचा शोधनिबंध 2014 चा. एका छोट्या भिंगाने तो सुमारे 140 पट मोठे दाखवतो, काही शे रुपयांत मिळतो, खिशात मावतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावता येतो. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तो देशातल्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा कार्यक्रमही घेतला. आता पर्णरंध्रांचा पाठ घ्या. आधी वर्गाला विचारायचे : पानाची छिद्रे वरच्या बाजूला जास्त असतील की खालच्या? कारणासह वहीत लिहा. मग पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावायचा, वाळला की सेलोटेपने उचलायचा आणि काचपट्टीवर ठेवायचा. छिद्रांभोवतीच्या रक्षक पेशींचे ठसे स्पष्ट दिसतात, मोबाइलवर फोटो निघतो, फोटोवर मोजणी होते. पुष्कळ झाडांत खालच्या बाजूला जास्त भरतात. ज्वारीच्या पानात दोन्ही बाजूंना असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या पानात तर ती वरच्या बाजूलाच सापडतात. या तिसऱ्या पानापाशी वर्ग जागा होतो, कारण 'ऊन लागू नये म्हणून खाली' हे पाठ केलेले कारण तिथे अपुरे पडते. कागदी भिंग, सेलोटेप आणि एक फोन, एवढे तंत्रज्ञान या पाठाला पुरते.

मंद आणि जलद गोष्टींसाठी तर मोबाइलमध्येच साधन आहे. ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी टाइमलॅप्सची सोय वापरून खिडकीकडे झुकणारे मुगाचे रोप आठवडाभर टिपता येते, आणि स्लो मोशनमध्ये माशीचे उड्डाण. फुलण्या-फळण्याचे वर्षभराचे वेळापत्रक टिपायचे तर 'सीझनवॉच' हा नागरिक-विज्ञान प्रकल्प आहे. त्यात शाळांतली मुले बहावा, आंबा, चिंच अशा ओळखीच्या झाडांची पालवी, फुले, फळे नियमित नोंदवतात, आणि ती नोंद देशभराच्या माहितीत मिळते. आनुवंशिकतेसाठी संगणकीय प्रतिकृती उत्तम. मेंडेलने वाटाण्याचे 7,324 दाणे मोजले. त्यांत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले, म्हणून 3:1 दिसले. नववीत हे गुणोत्तर चौकटीत मांडून शिकवले जाते आणि मुलांना वाटते, चार अपत्ये असली की तीन तशी आणि एक अशी निघणारच. प्रतिकृतीत आधी चार दाण्यांचा संकर करू द्यावा, मग चाळीस, मग चार हजार. लहान संख्येत गुणोत्तर कसे भरकटते आणि मोठ्या संख्येत कसे स्थिरावते, हे फळ्यावर दाखवता येत नाही. इथे ते प्रत्येक जोडीला स्वतः करून पाहता येते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात नैसर्गिक निवडीचीही प्रतिकृती आहे. तिच्यात सशांच्या रंगावर लांडग्यांचा परिणाम पिढीगणिक पाहता येतो, आणि जिराफाच्या मुद्दाम लांबवलेल्या मानेला तिथे परस्पर उत्तर मिळते.

अशा अध्यापनावरचा पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप वेळेचा. दहावीला विज्ञानाचे दोन्ही भाग मिळून 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे प्रात्यक्षिक असते. अभ्यासक्रम मोठा, वर्गात साठ मुले, वर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे. अंदाज लिहून घ्यायला आणि मोजणी करायला शिक्षकाला फुरसत कुठली? अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर सगळे पाठ असे घ्या, हे नव्हेच. वर्षातून सहा-सात पाठ निवडावेत, ज्यांच्यावर पुढचे बरेच काही उभे आहे : पेशी, परासरण, प्रकाशसंश्लेषण, विभाजन, आनुवंशिकता, उत्क्रांती. बाकीचे नेहमीप्रमाणे चालू द्यावेत. चित्रफीत दाखवायचीच असेल, तर ती अर्ध्यावर थांबवून 'पुढे काय होईल?' विचारायला एक मिनिट लागते. तेवढे मिनिट कोणत्याही वेळापत्रकात सापडते. साठ मुलांच्या वर्गासाठी तर पॅनेल वरदान आहे. शाळेत एकच चांगला सूक्ष्मदर्शक असेल, तर त्याच्या नेत्रिकेवर फोन धरावा, फोन पॅनेलला जोडावा, आणि कांद्याच्या पापुद्र्याची तीच जिवंत काचपट्टी सगळ्यांना एकाच वेळी दिसते. तीत हवेचे बुडबुडेही दिसतात, काळ्या जाड कडांचे, आणि मुले हटकून त्यांनाच पेशी समजतात. बुडबुडा आणि पेशी यांतला फरक मुलांनीच सांगायचा, हा चित्रफितीत कधीच न मिळणारा पाठ आहे.

दुसरा आक्षेप असा : काहीही म्हणा, मुलांना पडदा आवडतो, आणि आवड निर्माण झाली की शिकणे आलेच. आवड हवी, यात वाद नाही. पण आवड म्हणजे समज नव्हे, आणि झकास चित्रफितीने तर समजल्याचा भासच जास्त होतो. सगळे इतके सुरळीत घडते की आपल्याला कळले असे वाटते. खरी तपासणी सोपी आहे. चित्रफीत बंद करून मुलांना कोऱ्या कागदावर तीच प्रक्रिया चित्राने काढायला सांगावी, आणि बाणांची दिशा का तशी, हे लिहायला सांगावे. झाडाचे पान फोनसमोर धरले की नाव सांगणाऱ्या ॲपलाही हाच नियम लावावा : आधी पानाची कडा, शिरा, देठ वहीत, मग ॲप. नाव आधी कळले तर पान नीट पाहण्याची गरजच संपते.

तिसरा आक्षेप विषमतेचा आणि शिस्तीचा. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 2023 मध्ये 14 ते 18 वयोगटातल्या सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला; पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलग्यांत 43.7 टक्के आणि मुलींत 19.8 टक्के होते. म्हणून घरी फोनवर करायचा गृहपाठ हा मुलींच्या वाट्याला कमी येणारा गृहपाठ ठरतो. युनेस्कोने 2023 मध्ये नोंदवले, की जगातल्या साधारण चारपैकी एका देशाने शाळेत स्मार्टफोनवर बंदी घातली आहे, आणि लक्ष विचलित होण्याची भीती निराधार नाही. दोन्हींचे उत्तर एकच : उपकरण शाळेचे असावे, गटाला एक असावे आणि पाठापुरतेच बाहेर निघावे. फोल्डस्कोपचा संच, दोन-तीन जुने फोन, एक सूक्ष्मदर्शक, मेमरी कार्डात उतरवून ठेवलेल्या प्रतिकृती. इंटरनेट गेले तरी पाठ अडत नाही. वीज गेली तरी कागदी भिंग चालते. 'ओलॅब्स' सारखी आभासी प्रयोगशाळाही याच यादीत बसते, मात्र प्रयोगाची पूर्वतयारी किंवा उजळणी म्हणून. आयोडीनचा थेंब पानावर टाकून ते निळे-काळे होताना प्रत्यक्ष पाहण्याच्या जागी नव्हे.

उरतो प्रश्न पैशाचा आणि शिक्षकाचा. आपल्याकडे खरेदी मोठ्या वस्तूंची होते, कारण ती दिसते; तिचे उद्घाटन करता येते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण त्या प्रयोगशाळांची ओळख झाली आहे ती रोबो आणि ड्रोनसाठी. मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर किंवा रोपांचा टाइमलॅप्स हेही तिथलेच काम होऊ शकते, हे जीवशास्त्राच्या शिक्षकाला कोणी सांगितलेले नसते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाची चर्चा सर्वत्र झाली. त्या कामातला शिक्षकाचा वाटा आपण विसरलो आणि कोड तेवढा छापून मोकळे झालो. प्रशिक्षणातही पॅनेल कसा चालवायचा हे शिकवले जाते. चित्रफीत कुठे थांबवायची आणि तिथे कोणता प्रश्न विचारायचा, हे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रासारखी संस्था 1974 पासून राज्यात आहे. तिथल्या संशोधनाचा आणि माध्यमिक शिक्षकांच्या वार्षिक प्रशिक्षणाचा सांधा पक्का जुळला, तर नवे काही शोधायचीही गरज नाही.

शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि पालकांना म्हणूनच एक विनंती. शाळेत किती डिजिटल वर्ग आहेत, हे विचारू नका. या वर्षी जीवशास्त्रात मुलांनी स्वतः काय मोजले, कशाचा अंदाज बांधला आणि कोणता अंदाज चुकला, हे विचारा आणि वह्या पाहायला मागा. पुढचा पॅनेल घेण्याआधी त्याच पैशातून प्रत्येक गटाला एक साधे भिंग घ्या, आणि उरलेले पैसे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करा.